रोज माणसांत वावरूनही भीती जात का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: वय २९. नोकरी करतो, रोज माणसांत असतो. तरी चारचौघांत बोलायची वेळ आली की छाती धडधडते, चेहरा लाल होतो, आवाज कापतो. शाळेपासून असंच आहे. 'भीतीला सामोरा जा, आपोआप जाईल' असं सगळे सांगतात. इतकी वर्षं सामोराच जातोय, पण ती तसूभरही कमी झालेली नाही. आता टीम सांभाळायची बढती देऊ केली आहे आणि मी ती नाकारायच्या विचारात आहे. हा आजार आहे की माझा स्वभावच असा?

तुमच्या पत्रातलं 'इतकी वर्षं सामोराच जातोय' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहे. आधी आजार की स्वभाव, तेवढं पाहून घेऊ.

लाजाळू माणूस नव्या लोकांत सुरुवातीला गप्प असतो, थोड्या वेळानं रुळतो आणि घरी गेल्यावर सगळं विसरून झोपतो. एकांतप्रिय माणसाला गर्दीची भीती नसते, त्याला ती फक्त नको असते. सोशल एन्झायटी, म्हणजे लोक आपल्याला जोखतील ही सततची धास्ती, असलेल्या माणसाला मात्र माणसं हवी असतात. मैत्री हवी असते, बोलायचं असतं, मत मांडायचं असतं आणि तिथंच पाय अडखळतो. निदान करताना आम्ही प्रामुख्यानं पाहतो ते हे: भीतीच्या मुळाशी 'लोक मला जोखतायत आणि माझ्यातलं काहीतरी वाईट त्यांना दिसणार' ही धास्ती आहे का? ती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली आहे का? आणि तिच्यामुळे शिक्षण, काम, नाती यांत काही अडतंय का? चालून आलेली बढती केवळ या धास्तीपायी नाकारावीशी वाटणं, हे अडणंच झालं. पक्कं निदान समोरासमोर बसूनच व्हायला हवं, पण तुम्ही लिहिलं आहे ते मला लाजाळूपणाच्या पलीकडचं वाटतं.

अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात या आजाराला 'सोशल फोबिया' म्हणून स्वतंत्र जागा मिळाली १९८० मध्ये. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत 'सोशल एन्झायटी डिसऑर्डर' हे मुख्य नाव झालं. त्याच वेळी आणखी एक बदल झाला, जो रुग्णांच्या दृष्टीनं मोठा होता. आपली भीती अवाजवी आहे हे स्वतः रुग्णाला पटलेलं असलं पाहिजे, ही जुनी अट काढून टाकली गेली. ते बरंच झालं, कारण माझ्यासमोर बसलेल्या बहुतेकांना आपली भीती अगदी रास्त वाटते. 'लोक खरंच हसतील, तुम्हाला कल्पना नाही', असं ते मला पटवून देत असतात.

आजार दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेल्यांचं प्रमाण सुमारे १२ टक्के आलं होतं. जगभरातल्या अनेक देशांची सरासरी काढली की ते चार टक्क्यांच्या आसपास उतरतं. सुरुवात बहुधा ८ ते १५ या वयात होते. इथंच एक घोटाळा आहे. ज्याला तेराव्या वर्षी हे सुरू झालं, त्याला 'याआधीचा मी' आठवतच नाही. पाठदुखी सुरू झाली की माणूस डॉक्टरकडे जातो, कारण पाठ न दुखणं त्याला माहीत असतं. ही भीती मात्र 'मी आहेच असा' म्हणून अंगवळणी पडते. उपचारांपर्यंत पोचायला लोकांना दहा-दहा वर्षं लागतात, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण उघड आहे: उपचारासाठीसुद्धा एका अनोळखी माणसाला फोन करावा लागतो.

आता तुमचा खरा प्रश्न. सामोरं जाऊनही भीती का जात नाही?

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये याचं जे उत्तर मांडलं, त्यावर आजचे उपचार बऱ्याच अंशी उभे आहेत. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं. लोकांत शिरताक्षणी या माणसाचं लक्ष बाहेरून आत वळतं. समोरचा काय बोलतोय यापेक्षा माझा आवाज कापतोय का, कान गरम झालेत का, हात कुठे ठेवू, याच्यावर पहारा सुरू होतो. त्या पहाऱ्यातून मनात स्वतःचं एक चित्र तयार होतं. आपण बाहेरून कसे दिसतोय त्याचं. हे चित्र समोरच्याच्या चेहऱ्यावरून, प्रतिक्रियेवरून बनलेलं नसतं. ते बनतं आतल्या धडधडीवरून. आत जितकं हललं, तितकं बाहेर दिसलं असणार, असा हिशेब मन परस्पर करून टाकतं. छातीत घण पडत असतील तर आपण लटपटतोय असंच 'दिसतं'. समोरच्याला मात्र बऱ्याचदा किंचित गंभीर चेहऱ्याचा एक माणूस दिसत असतो, बस.

मग माणूस त्या चित्रापासून स्वतःला वाचवायला लागतो. या बचावाच्या युक्त्या आम्ही रोज ऐकतो आणि त्या इतक्या सफाईदार असतात की वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा घोळवणं. बैठकीत दाराजवळची खुर्ची धरणं. कप दोन्ही हातांनी घट्ट धरणं, किंवा हात कापेल म्हणून काही प्यायचंच नाही. चेहरा लाल झालेला दिसू नये म्हणून केस पुढे घेणं, गळ्याशी स्कार्फ, दाट मेकअप. घाम दिसणार नाही अशा गडद रंगाचेच कपडे. भराभर बोलून मोकळं होणं. समोरच्यालाच प्रश्न विचारत राहणं, म्हणजे आपल्यावर पाळी येत नाही. व्हिडिओ कॉलवर 'नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे' म्हणून कॅमेरा बंद. सतत मोबाइलमध्ये डोकं. आणि बरोबर कोणीतरी 'आपलं माणूस' असल्याशिवाय कुठे जायचंच नाही.

या युक्त्या दोन प्रकारे घात करतात. एक तर त्यांच्यामुळे भीती कधी तपासलीच जात नाही. बैठक नीट पार पडली तर मन म्हणतं, 'वाचलो, कारण कप घट्ट धरला होता.' श्रेय युक्तीला जातं आणि 'हात कापला असता तर अनर्थ झाला असता' हा समज जसाच्या तसा राहतो. जाड हातमोजे घालून शंभरदा पाण्यात हात घातला तरी पाणी गरम आहे की गार हे कळत नाही, तशी ही गत आहे. तुम्ही सामोरे गेलात हे खरं, पण हातमोजे घालून गेलात. मी हे दोष म्हणून सांगत नाही. 'सामोरा जा' असं सांगणाऱ्यांपैकी कुणीच तुम्हाला हातमोज्यांबद्दल सांगितलं नव्हतं.

दुसरा घात जास्त बोचणारा. ज्या गोष्टीची भीती असते, तीच गोष्ट या युक्त्या ओढवून आणतात. कप जितका आवळून धराल तितका हात जास्त कापतो. वाक्य घोळवत बसलात की समोरच्याचं बोलणं निसटतं आणि तुमचं उत्तर भलतंच येतं. नजर चुकवणारा, तुटक बोलणारा, कार्यक्रम संपताच निघून जाणारा माणूस लोकांना घाबरलेला वाटत नाही, तो शिष्ट वाटतो. मग लोक चार हात दूर राहतात आणि याला वाटतं, बघा, मी कुणालाच आवडत नाही.

प्रसंग संपल्यावरही सुटका नाही. रात्री अंथरुणावर सगळ्याची उजळणी सुरू होते. 'ते वाक्य मी का बोललो? ती का हसली?' उजळणीत आठवण तटस्थ राहत नाही. प्रत्येक फेरीला ती थोडी जास्त काळी होते आणि पुढच्या वेळेसाठी पुरावा म्हणून जमा होते. पुढच्या प्रसंगाच्या चार दिवस आधीपासून धास्ती सुरू होते ती याच पुराव्यावर. म्हणजे दहा मिनिटांच्या सादरीकरणासाठी आठवडा जातो. रुग्णांना सगळ्यात जास्त थकवतो तो हा आठवडा, असा माझा अनुभव आहे.

'तुझ्याकडे कोण बघतंय?' हे घरच्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात अर्धं तथ्य आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. चित्र कुणाचं आहे हे खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात आलं होतं साधारण चौथ्या हिश्शाच्या. ही सर्वसामान्य विद्यार्थ्यांची गोष्ट आहे. आपल्यावर लोकांचं किती लक्ष आहे हे आपण सगळेच फुगवून धरतो, या आजारात ते आणखी फुगतं. पण त्या चौथ्या हिश्शाला दिसलंच होतं, हेही विसरू नका. म्हणूनच 'कुणी बघत नाही' या दिलाशावर माझा फारसा भरवसा नाही. कधीतरी कुणीतरी बघतंच. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बघितलं, मग पुढे काय? आवाज कापलेला एका सहकाऱ्याला कळला, तर तो नेमकं काय करेल? या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांनी कधी शोधलेलंच नसतं, कारण विचार त्या कड्याशी येऊन थांबतो.

रोजच्या आयुष्यावरचा परिणाम म्हटलं की लोकांना व्यासपीठ आठवतं. व्यासपीठ कितीदा वाट्याला येतं? खरी पोखरण बारीकसारीक गोष्टींत असते. खिडकीवर मागे रांग उभी असताना सही करणं. सार्वजनिक स्वच्छतागृहात शेजारी कुणी असलं की लघवीच न होणं, आणि त्यापायी दिवसभर पाणी कमी पिणं. वाजणारा फोन न उचलता मग 'आत्ताच पाहिला' असा मेसेज टाकणं. बिघडलेली वस्तू परत करायला न जाणं. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणं. डॉक्टरांना मुख्य तक्रार न सांगताच बाहेर येणं. आवडलेल्या व्यक्तीशी कधीच न बोलणं. यातली कुठलीही एक गोष्ट क्षुल्लक वाटेल. वीस वर्षांची बेरीज केली की तिच्यातून शाखा बदललेली, नोकरी सोडलेली, पगारवाढ न मागितलेली, लग्नाचा विषय टाळलेली अशी आयुष्यं दिसतात. नुकसान नेमकं किती झालं हे कधी मोजलं जात नाही, कारण न घडलेल्या गोष्टींची नोंद कुठेच नसते.

स्तुतीचीही धास्ती असते, हे पुष्कळांना नवल वाटतं. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं की या माणसाच्या पोटात गोळा येतो. आता अपेक्षा वाढल्या, पुढच्या वेळी पितळ उघडं पडणार! तुमच्या बढतीच्या भीतीत याचाही वाटा आहे का, ते जरा तपासून बघा.

दोन गोष्टींकडे वेळेत लक्ष द्यायला हवं. दारू ही त्यातली पहिली. दोन पेग घेतले की जीभ सैल होते, हे एकदा कळलं की प्रत्येक समारंभाआधी ते औषध होऊन बसतं. मात्र तीही बचावाची युक्तीच, आणि सगळ्यात महागडी. दुसरी गोष्ट नैराश्य. सोशल एन्झायटी आधी येते आणि एकटेपणाची काही वर्षं गेली की मागोमाग नैराश्य येतं, हा क्रम आम्ही फार वेळा पाहतो. 'जगून काय उपयोग' असे विचार येत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

घरच्यांसाठी एक वाक्य: तुमच्या मुलाच्या वतीनं तुम्ही फोन करता, उत्तरं देता, त्याला कार्यक्रमातून सूट देता, ते मायेपोटीच असतं, पण भीतीला त्यातून खतपाणी मिळतं. याचा अर्थ ढकलून द्या असाही नाही.

उपचारांबद्दल. सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो याच आजारासाठी आखलेल्या सीबीटीला, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणाऱ्या मानसोपचाराला. नुसत्या गप्पांच्या समुपदेशनाला नाही, आणि 'आत्मविश्वास वाढवा' छाप शिबिरांना तर मुळीच नाही. तिथं टाळ्यांच्या गजरात बोलता येतं, सोमवारी कार्यालयात पुन्हा ततपप. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेसाठी 'नाइस' या संस्थेनं २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी वैयक्तिक सीबीटी हा पहिला पर्याय मानतात. क्लार्क आणि वेल्स यांच्या पद्धतीत दीड-दीड तासाची १४ सत्रं, साधारण चार महिन्यांत.

या सत्रांत होतं काय? सुरुवातीलाच एक छोटा प्रयोग होतो. एका अनोळखी व्यक्तीशी तुम्ही पाच मिनिटं दोनदा बोलता. पहिल्यांदा नेहमीसारखं, सगळ्या युक्त्या वापरून, लक्ष स्वतःवर ठेवून. दुसऱ्यांदा युक्त्या सोडून, लक्ष समोरच्यावर आणि त्याच्या बोलण्यावर ठेवून. दोन्ही वेळा किती भीती वाटली, आपण कसे दिसलो असू, हे लिहायचं. दुसऱ्या वेळी जास्त भीती वाटेल, अशी बहुतेकांची खात्री असते, पण बहुतांशी उलटं होतं. मग या दोन्ही वेळच्या बोलण्याचं केलेलं चित्रीकरण पाहायचं. पाहण्याआधी 'मी कसा दिसेन' ते तपशिलात सांगायचं, किती लाल, किती कापणारा, आणि नंतर एखाद्या तिऱ्हाइताला पाहावं तसं पाहायचं. मनातलं चित्र आणि पडद्यावरचा माणूस यांच्यातली तफावत पाहून लोक गप्प होतात. माझ्या दहा समजावण्यांनी जे होत नाही ते इथं होतं.

पुढे बाहेरच्या जगात प्रयोग. प्रत्येक प्रयोगाआधी भाकीत लिहायचं, आणि ते नेमकं हवं. 'वाईट होईल' हे भाकीत नव्हे. 'मी मध्येच पाच सेकंद थांबलो तर निदान दोघं एकमेकांकडे बघून हसतील' हे भाकीत. मग मुद्दाम पाच सेकंद थांबायचं, नजर वर ठेवायची आणि मोजायचं. काही वेळा मुद्दाम अडखळायलाही सांगतो. 'घामाघूम झालोय, जरा पाणी घेतो' असं उघड म्हणायला लावतो. लपवायचं काही उरलं नाही की पहारा आपसूक सैल होतो. रात्रीच्या उजळणीला मात्र तडजोड नाही: प्रयोगानंतर काय घडलं ते एकदा कागदावर लिहायचं, मग विषय बंद.

औषधांचं काय? एसएसआरआय या, नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या औषधांच्या गटातली एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही औषधं उपयोगी पडतात. मानसोपचार जवळपास मिळत नसेल, नको असेल किंवा त्रास तीव्र असेल तर ती घेण्यात कमीपणा नाही. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला तीन महिनेही लागू शकतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागतात आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. प्रोप्रॅनोलॉल ही गोळी मैफल किंवा भाषण यांसारख्या एकट्या प्रसंगाआधी धडधड आणि कापरं कमी करते. रोजच्या सोशल एन्झायटीवर तिचा खास उपयोग नाही आणि दमा असलेल्यांनी ती घेऊ नये. मित्रानं दिलेली झोपेच्या औषधांच्या गटातली गोळी खिशात ठेवून वावरणं हे तर सरळ टाळा. तिची सवय लागते आणि खिशातली गोळी हीसुद्धा एक युक्तीच होते.

तज्ज्ञाकडे जाण्याआधी एक तपासणी शहाणपणाची. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, हाताचं कापरं हे सगळं होतं. काही घराण्यांत हात थरथरण्याचा स्वतंत्र आजार असतो. तोतरेपणा, ऑटिझम, पॅनिक डिसऑर्डर (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) यांचं चित्र वरवर असंच दिसू शकतं, उपचार वेगळे असतात.

तज्ज्ञाकडे जाताना काय सांगायचं सुचत नसेल तर 'लायबोविट्झ स्केल' मागा. १९८७ सालची ही प्रश्नावली २४ प्रसंगांबद्दल विचारते आणि प्रत्येकात भीती किती व टाळणं किती याला वेगवेगळे गुण देते. तुमच्या बाबतीत भीतीचे गुण भरपूर आणि टाळण्याचे कमी येतील. ते पाहून 'मग ठीक आहे की' असं कुणी म्हणालं तर युक्त्यांची यादी पुढे ठेवा. ती आजच लिहायला घ्या, आणि प्रामाणिकपणे लिहिलीत तर ती एका पानात मावणार नाही.

स्वभाव पूर्ण बदलेल का? नाही. तुम्ही कदाचित कायमच थोडे अबोल राहाल, मोठ्या सादरीकरणाआधी पोटात कालवाकालव होईल. ती पुष्कळांना होते. बदल दिसतो तो दुसरीकडे: आठवडाभराची धास्ती तासावर येते, रात्रीची उजळणी थांबते आणि निर्णय भीती घेईनाशी होते.

राहता राहिली बढती. लगेच नाकारू नका, विचार करायला दोन आठवडे मागा. असा वेळ मागणं सर्रास चालतं. टीम सांभाळण्याचं काम तुम्हाला मुळातच नको असेल तर खुशाल नाकारा. काम हवं आहे, फक्त बैठका नकोत, असं असेल तर घ्या आणि त्याच सुमारास उपचार सुरू करा, कारण प्रयोगांना इतकी चांगली जागा पुन्हा मिळणार नाही. साहेबांना आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही. 'मला मोठ्या गटात बोलायला थोडा वेळ लागतो, त्यावर काम करतोय' एवढं पुरे. पहिल्या बैठकीत सगळ्या युक्त्या एकदम टाकायला जाऊ नका. एक निवडा. मी सुचवेन, हात टेबलाखाली लपवणं किंवा भराभर बोलणं यांपासून सुरुवात करा. मुद्दे लिहिलेला कागद सोबत असू द्या. तो पुष्कळ निर्भय माणसंही वापरतात.